सैनिकाचा कोट आणि माझा घसा

माझ्या घशात काही नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गाठ, ऑपरेशन असलं वाचायला बसलेल्यांचा वेळ जायला नको. घसा चांगला होता. फक्त घास खाली उतरत नव्हता.

मी सातवी शिकलेला माणूस. मिरजेजवळच्या गावचा. आधी ट्रक चालवला, मग कुवेतमध्ये पाण्याचा टँकर, आणि लंडनला आल्यावर विमानांना जेवण पुरवणाऱ्या किचनमध्ये भांडी धुतली. शिकलेली होती ती आमची ही. नर्स. कुवेतला नेलं तिनं, इथं आणलं तिनं, ईलिंगमधला फ्लॅट घेतला तिनं. मी मागून बॅगा उचलत आलो. लोक हसायचे, मीपण हसायचो. चांगलं चाललं होतं.

क्लिनिकमध्ये एक मराठी नर्स आहे. ती म्हणाली, "काका, आपली माणसं असलं आजारपण सांगत नाहीत. पोट बिघडलंय म्हणतात आणि घरात बसून राहतात. तुम्ही लिहा." म्हटलं, मला लिहिता येत नाही. म्हणाली, "बोलता ना? तसंच लिहा." म्हणून हे तसंच आहे.

सुरुवात

ही गेल्या हिवाळ्यात गेली. पोटाचा कॅन्सर. शेवटी हॉस्पिटलात होती. मी रोज घरून मऊ भात न्यायचो आणि चमच्यानं भरवायचो. एक दिवस गेलो तर तिच्या कॉटच्या वर पाटी लावलेली. तोंडावाटे काही द्यायचं नाही. सिस्टरनं समजावलं, आता दिलेलं फुप्फुसात जातंय. बरोबरच होतं तिचं. ही स्वतः नर्स, हिनं पण मान हलवली. पण डबा उघडून झाला होता. भाताची वाफ येत होती आणि ही बघत होती. मी झाकण लावलं.

ती गेल्यावर सगळं नीट झालं. लोक म्हणाले, नीट झालं. मग एक दिवस पोळी खाताना घास अडकला. पाणी प्यायलो, ते नाकातून आलं. पुढं भात अडकायला लागला. पातळ आमटीसुद्धा तोंडात धरून बसायचो आणि सिंकमध्ये थुंकायचो. पॅन्ट कमरेवर राहीना. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोकं पाडली.

रिपोर्ट क्लीन

वैशाली माझी एकुलती मुलगी. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या कामावर आहे. तिनं जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, मागं लागून लागून तपासण्या करून घेतल्या. नाकातून कॅमेरा घातला. मशीनमध्ये आडवं घालून फोटो काढले. निकालाच्या दिवशी तरुण डॉक्टर हसत म्हणाला, गुड न्यूज, सगळं क्लीन आहे.

वैशाली तिथंच रडली. कार पार्कमध्ये येईपर्यंत तिचा चेहरा बदलला.

"मग खात का नाही तुम्ही?"

"उतरत नाही."

"काही नाहीये तिथं, बाबा! ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाला?"

"ऐकलं."

"मग?"

काय सांगणार? कॅन्सर निघाला असता तर मुलगी माझ्या बाजूला उभी राहिली असती. काही निघालं नाही म्हणून मी गुन्हेगार झालो. ज्यांच्या घरात असा आजारी आहे त्यांना सांगतो, रिपोर्ट क्लीन आला म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं. त्याचा पुरावा गेला, एवढंच होतं.

मग आहारवाली बाई आली. स्ट्रॉबेरीच्या वासाच्या दुधाच्या बाटल्या दिल्या. घोट घोट घ्या म्हणाली. जाताना सांगून गेली, पुढच्या अपॉइंटमेंटला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल. वैशाली म्हणाली, "नळी घातली तर मी तुम्हाला इथं एकटं ठेवणार नाही. फ्लॅट बंद करायचा आणि माझ्याकडं यायचं."

मला नळी नको होती. हिच्या नाकात शेवटी होती, ती चिकटपट्टी मी रोज बघत होतो. आणि फ्लॅट बंद करायचा म्हणजे तिची खुर्ची, तिची चप्पल, तिचा तो गॅसजवळचा रेडिओ, सगळं कुठल्या तरी चॅरिटी शॉपात. मी ठरवलं, खायचंच. ठरवून घास खाली उतरत असता तर मग काय पाहिजे होतं!

एक वयस्कर डॉक्टरबाई मात्र शहाणी भेटली. तिनं विचारलं, "घास तोंडात असतो तेव्हा तुम्हाला काय दिसतं?" मी म्हटलं, पाटी. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, याच्या आधी कधी असं झालं होतं का? तेव्हा कुवेत आठवलं. इराकी सैन्य शहरात घुसलं तेव्हा आम्ही दोघं तिथंच होतो. वैशाली लहान, मिरजेत आजीकडं. हिला रोज ड्युटीला सोडायला मी गाडी काढायचो आणि नाक्यावर सैनिक खिडकीतून बंदूक आत घालून कार्ड मागायचा. मागच्या सीटवरून ही हळूच म्हणायची, "अहो, पुढं बघा." मी पुढं बघायचो. घरी आल्यावर तेव्हापण जेवण जायचं नाही. पण ती समोर बसायची आणि जायला लागायचं.

डॉक्टरबाई म्हणाली, तुमचा घसा ठीक आहे, तुम्ही ठीक नाही. कुणाशी तरी बोला. फोनवर एक समुपदेशक दिली, मध्ये हिंदीची दुभाषी. मला भूक लागत नाही म्हटलं की ती विचारायची, त्याबद्दल काय वाटतं? भूक लागत नाही असं वाटतं! मग फोनवर शांतता. मीपण शांत. शेवटी मीच विचारलं, मॅडम, तुमचं जेवण झालं का?

उम्म यासीर

आमच्या खालच्या मजल्यावर उम्म यासीर राहते. इराकी, मोसुलची. उम्म यासीर म्हणजे यासीरची आई. त्यांच्यात बाईला मोठ्या पोराच्या नावानं हाक मारतात. आपण तरी काय वेगळं करतो? मी हिला जन्मभर वैशालीची आईच म्हणत आलो. उम्म यासीर मला अबू वैशाली, वैशालीचा बाप, म्हणते, पण त्यांच्या जिभेला आपला व जमत नाही, म्हणून अबू फैशाली. मला टँकरवर शिकलेली बाजारातली अरबी येते. तेवढ्यावर आमचं चालतं.

आधी मी तिच्याशी बोलत नव्हतो. इराकी म्हटल्यावर मला नाकाच आठवायचा. लिफ्टमध्ये तोंड फिरवायचो. एकदा हिनं मला झापलं. "अहो, ती काय टँक घेऊन आली होती का कुवेतला? तिचं घर कुणी पाडलं ते विचारा आधी." पुढं दोघींची अशी गट्टी जमली की मला घरात कुणी विचारेना.

ही गेल्यावर उम्म यासीर रोज ताट आणून द्यायची. मी दारातूनच घ्यायचो आणि संध्याकाळी तसंच परत करायचो. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अबू फैशाली, मरताय का तुम्ही? मरत असाल तर सांगा, मी रांधायचं थांबवते. तेल महाग झालंय."

"उतरत नाही."

"माझं पण उतरत नव्हतं. चप्पल घाला. यल्ला, चला."

तिनं मला बसनं एका कम्युनिटी हॉलमध्ये नेलं. तिथं आठवड्यातून एकदा अरब बायकांचा वर्ग भरायचा. सिरिया, इराक, सुदान, येमेन, जिथं जिथं लढाया झाल्या तिथल्या बायका. मला वाटलं शिवणकाम असेल. उम्म यासीर म्हणाली, "नाटक." म्हटलं, बाई, हिला जाऊन किती दिवस झाले आणि मी नाटक करू?

वर्ग घेणारी नादिया, तिचे आईवडील लेबनॉनचे, ती इथं जन्मलेली. नाटकातून माणसाचं दुखणं बरं करायचं हे तिचं शिक्षण. तिनं मला दारातच अडवलं. "अम्मो, वर्ग बायकांचा आहे. खोलीत पुरुष आला की काही जणींना श्वास घेता येत नाही. तुम्ही बाहेर बसा, वाईट वाटून घेऊ नका." अम्मो म्हणजे काका. मला वाईट वाटलं नाही. घरापेक्षा कॉरिडॉर बरा होता. रेडिएटर गरम होता आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. लढाईतून आलेल्या बायका एवढ्या हसतात हे मला माहीत नव्हतं.

मग मी दर आठवड्याला तिथं जाऊन बसायला लागलो.

मी झाड झालो

उम्म यासीर बसमध्ये मला सगळं समजावून सांगायची. नादिया जखमेला सरळ हात लावत नाही. आधी खेळ. नसलेला चेंडू एकमेकींकडं फेकायचा. पेटीत रंगीत कापडं, टोप्या, जुने कोट असतात, त्यातून काहीही घेऊन काहीही व्हायचं. कुणी नदी, कुणी सासू. आणि काम संपलं की प्रत्येकीनं अंग झटकायचं, घातलेलं उतरवून पेटीत टाकायचं आणि मोठ्यानं सांगायचं, मी आता ती नाही, मी अमकी. हे केल्याशिवाय कुणी खोली सोडायची नाही. त्यानंतर सगळ्या आपापली पातेली उघडतात आणि एकत्र जेवतात. पातेल्यांचा वास आला की मी बस स्टॉप गाठायचो.

एकदा उम्म यासीरची पाळी होती. तिला तिच्या मोसुलच्या घराचा निरोप घ्यायचा होता. पळताना घेता आला नव्हता. एका बाईला तिनं खिडकी केली, एकीला फ्रिज. अंगणातल्या खजुराला उंच माणूस पाहिजे होता. तिनं बाहेर बोट दाखवलं. नादियानं सगळ्या बायकांना एकेक करून विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या. सलमा नावाची एक तरुण सिरियन मुलगी कोपऱ्यात बसायची, तिनं हळूच विचारलं, "झाड बोलणार नाही ना?"

मी हात वर करून उभा राहिलो. उम्म यासीर आधी फ्रिजला बोलली. "तू आयुष्यभर गळलास, गधड्या, आणि मी तुला पुसत राहिले." सगळ्या खो खो हसल्या, फ्रिज झालेली बाई तर खालीच बसली. मग ती माझ्याजवळ आली. माझ्या बाहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू तरी असशील का रे अजून?" बराच वेळ तशीच उभी राहिली. माझे हात भरून आले होते, पण मी खाली केले नाहीत.

शेवटी मी अंग झटकलं आणि म्हणालो, मी खजूर नाही, मी वैशालीचा बाप. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मला आत खुर्ची मिळाली, दाराजवळ.

सैनिक

सलमा कुजबुजल्यासारखी बोलायची. घसा तिचापण चांगला होता, तपासून झाला होता. होम्स या तिच्या शहरातून निघताना नाक्यावर तिची बस थांबवली आणि सैनिकांनी तिच्या धाकट्या भावाला उतरवून घेतलं. आईनं तिचं तोंड दाबून धरलं होतं. तेव्हापासून आवाज तेवढाच.

पुष्कळ आठवड्यांनी ती नादियाला म्हणाली, मला त्या सैनिकाशी बोलायचंय. आधी उम्म यासीर सैनिक झाली. कोट तिच्या अंगावर बसेना, बटण तुटून उडालं आणि सलमासकट सगळ्या हसायला लागल्या. मग सलमानंच माझ्याकडं पाहिलं. "अम्मो करतील?"

नादियानं जमिनीवर निळं कापड आडवं टाकलं. सैनिकानं ते ओलांडायचं नाही, हात लावायचा नाही. सलमानं हात वर केला की लगेच थांबायचं. मी पेटीतला हिरवा कोट चढवला. मला एकच शब्द म्हणायचा होता. हविय्या. ओळखपत्र.

मी म्हणालो, आणि आवाज माझा नव्हता. कुवेतच्या नाक्यावरचा होता, जसाच्या तसा. एवढी वर्षं तो माझ्याच घशात बसला होता म्हणायचा.

सलमाचा हात वर गेला नाही. ती म्हणाली, तो सोळाचा आहे. मग आवाज चढला. त्याला दमा आहे, औषध माझ्या पिशवीत आहे, घे, निदान औषध तरी घे! शेवटचं ती ओरडली. खिडक्यांच्या काचा वाजतील असं ओरडली. बायका उठल्या, तिला मिठीत घेतलं, कुणी रडत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. नादिया सलमाजवळ खाली बसली होती. तेवढ्यात मागं कुणीतरी लवकरच पातेल्याचं झाकण काढलं. लसणाच्या फोडणीचा वास आला. माझा घसा मिटला आणि मी नेहमीसारखा निघालो.

स्टॉपवर थंडी का वाजत नाही म्हणून खाली पाहिलं, तर अंगात कोट तसाच.

मी तो घरी खुंटीला अडकवला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात देऊ. पण त्या दिवसापासून दुधाची बाटलीपण जाईना. एक घोट घेतला की तो शब्द घशात यायचा. कोटाकडं पाठ करून बसलो तरी तो आहे हे कळायचं.

दोन-तीन दिवसांनी भाजीच्या दुकानाबाहेर सलमा दिसली. मी हात वर केला. मी माझ्या स्वेटरमध्ये होतो, डोक्यावर माझीच कानटोपी. तिनं मला पाहिलं, पिशवी तिथंच टाकली आणि रस्त्यावर धावली. बसनं कचकन ब्रेक मारला. टोमॅटो सगळे गटारात.

संध्याकाळी उम्म यासीरनं दार बडवलं.

"काय केलंत हो तुम्ही? सैनिकाला तसाच बाहेर नेलात!"

"कोट राहिला अंगात."

"कोट नाही, अक्कल राहिली! तिच्यासाठी तो अजून रस्त्यावर फिरतोय. मी तो नाही, मी अमका, हे म्हणायला काय तोंड दुखत होतं?"

वैशालीला फोनवर सांगितलं तर ती वेगळीच चिडली. "बाबा, तुम्ही आजारी आहात. दुसऱ्यांच्या लढाया कशाला अंगावर घेता? क्लिनिकची तारीख आलीय. माझ्याकडं या." मी म्हटलं, कोट परत करतो आणि मग तू म्हणशील ते.

तू कोण?

पुढच्या वर्गाला सलमा भिंतीला टेकून बसली होती, दोन बाजूंना दोन बायका. नादियानं मला कोट पुन्हा घालायला लावला. निळं कापड पुन्हा टाकलं. मी पलीकडं उभा राहिलो, एकेक बटण काढलं, कोट जमिनीवर ठेवला. अंग झटकलं. म्हणालो, मी सैनिक नाही.

सलमानं मान हलवली. "मग कोण?"

"वैशालीचा बाप."

"ते खजूर झालात तेव्हा म्हणालात. आज खरं सांगा."

मी जमिनीवरच्या कोटाकडं पाहिलं. मग तोंडातून निघालं, मी सुमनचा नवरा. ती मेली. तिचं नाव मी असं मोठ्यानं कधी घेतलं नव्हतं. पुढचं आपोआप आलं. पाटी सांगितली, भात सांगितला, झाकण सांगितलं. नादिया मध्ये एक शब्द बोलली नाही. समुपदेशक कशी असावी ते मला तेव्हा कळलं.

सलमा उठून कापडापर्यंत आली. "घरी जेवण कुणी आणलं?"

"कधी?"

"त्या दिवशी. तुमच्याकडं आणत नाहीत का?"

आणतात. माझ्या गावात कुणाच्या घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भाकरी आणतात. समोर बसतात, हात धरतात आणि खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. तो कुणालाच नको असतो, पण गिळल्याशिवाय सुटका नसते. गिळला की माणूस गेलं हे कबूल होतं. मी स्वतः कितीतरी घरी भाकरी घेऊन गेलोय. इथं तसं काही झालंच नाही. दहनाची तारीख मिळायला आठवडे गेले. तोवर रडणाऱ्यांचं रडून झालं होतं. क्रिमेटोरियमनंतर हॉलमध्ये सामोसे ठेवले होते. लोक कागदी प्लेट घेऊन पार्किंगच्या दरांबद्दल बोलत होते. माझ्या हातात कुणीतरी चहा दिला.

हे मी मोडक्या अरबीत सांगितलं. बायका अवाक झाल्या. उम्म यासीर उसळली. "मी आणत होते की!"

"तू आणत होतीस. मी दारातून घेत होतो."

"म्हणजे मला आत येऊ दिलं नाहीत!"

"हो."

नादियानं फक्त एवढंच विचारलं, "अम्मो, ते घर इथं मांडायचं का?"

बायकांनीच मांडलं. खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंजी अंथरली. चपला बाहेर काढल्या. एक रिकामी खुर्ची कुठं ठेवायची ते मला विचारलं, मी गॅसजवळ म्हटलं, तर गॅस म्हणून एकीनं आपली पर्स ठेवली. मी सतरंजीवर बसलो. मग एकेक करून त्या आत आल्या. कुणी काही बोललं नाही. हिंमत ठेवा नाही, जेवायला पाहिजे नाही, ती चांगल्या ठिकाणी आहे नाही. नुसत्या येऊन बसल्या.

त्यांच्यात सुतकाच्या घरी साखरेशिवाय कॉफी देतात. येमेनच्या एका बाईच्या थर्मासमध्ये होती. एवढीशी कपभर. जहर कडू. मी ओठाला लावली आणि ती खाली गेली. कशी गेली ते मला कळलं नाही.

मग सलमा निळं कापड ओलांडून आली. समोर बसली. खुबूस, म्हणजे त्यांची रोटी, तोडली, मसुराच्या आमटीत बुडवली आणि माझ्यापुढं धरली. ती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "सुमनचं जेवण संपलं. तुमचं नाही."

मी घास घेतला. चावला. पाटी दिसली. पाटीखाली ही दिसली, मान हलवताना. मी गिळला. दुखलं. पण उतरला. मग मी रडलो ते आवाज करून रडलो, नाकतोंड एक झालं. उम्म यासीरनं पदरासारखी तिची ओढणी माझ्या तोंडावर दाबली, त्यात मी गुदमरायची वेळ आली.

शेवटी नादिया म्हणाली, आता भूमिका उतरवा. सगळ्यांनी अंग झटकलं. मी शेजारीण नाही, मी हनान. मी शेजारीण नाही, मी सलमा. उम्म यासीरची पाळी आली. ती हातावर हात ठेवून बसून राहिली.

"मी शेजारीणच आहे याची. काय उतरवू?"

त्यानंतर

जादू झाली असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी भात पुन्हा अडकला. पण त्या रात्रीची आमटी पोटात होती हे मला माहीत होतं. उम्म यासीर आता ताट देऊन जात नाही, आत येऊन बसते आणि फ्रिजला बोलली तशी मला बोलते. क्लिनिकमध्ये वजन उतरलं नव्हतं, जरासं चढलंच होतं. आहारवाली म्हणाली, नळीचं नंतर बघू. अजून ती नंतर बघतेय. सलमापण एका दिवसात बरी झाली नाही. दारावर थाप पडली की अजून दचकते. पण आता ती बोलायला लागली की उम्म यासीर म्हणते, हळू बोल गं, कान गेले.

मला एक प्रश्न पडायचा. त्यांचं केवढं, माझं केवढं. भाऊ गेलेली मुलगी कुठं आणि म्हातारी बायको म्हातारपणी गेलेला मी कुठं. एकदा नादियाला विचारलं. ती म्हणाली, अम्मो, इथं तराजू नाही. मला ते उत्तर पुरलं नाही, मी अजून विचार करतो. पण एवढं सांगतो, माझं दुःख छोटं म्हणून मी ते सांगितलं नाही, आणि ते घशात जाऊन बसलं.

तुमच्याकडं कुणी जेवण घेऊन आलं तर दारातून घेऊ नका. आत बोलवा. आणि असला काही वर्ग कुणी सांगितला, तर नाटक काय, थेरं काय असं माझ्यासारखं म्हणू नका. जा. फक्त सगळं उतरवल्याशिवाय निघू नका.

मग एक दिवस माझ्या डोक्यात आलं, कडू घास माझा राहिला, तसा वैशालीचापण राहिला की. तिची आई गेली होती. आणि ती मला खा खा करत सहा महिने फिरत होती, कॅमेरे, फोटो, फोन. तिला कुणी विचारलं?

वेम्बलीहून ज्वारीचं पीठ आणलं. भाकऱ्या थापल्या, फाटक्या तुटक्या झाल्या. पिठलं केलं, त्यात गाठी झाल्या. डब्यात भरून ट्रेननं बेसिंगस्टोकला गेलो. वैशालीनं दार उघडलं तर कानाला हेडफोन.

"बाबा? न सांगता? मी कॉलवर आहे."

"असू दे. मी बसतो."

तिनं कॉल संपवला. मी टेबलावर नाही, खाली चटईवर ताट मांडलं. ती म्हणाली, हे काय आता? मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. काही सांगितलं नाही. भाकरी तोडली, पिठल्यात बुडवली आणि तिच्या तोंडापुढं धरली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग घासाकडं. तिनं हे लहानपणी मिरजेत पाहिलेलं होतं. तिला कळलं.

तिनं घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. डोळे मिटूनच गिळला. मग माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून आईऽ म्हणून रडली, हॉस्पिटलात रडली नव्हती तशी. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. खूप वेळानं नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबा, यात मीठच नाहीये."

"काहीतरी काय बोलतेस?"

"खरंच नाहीये."

मी एक घास खाऊन बघितला. खरंच नव्हतं.